ड्रायव्हर कुठून येणार, ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तिघा मित्रांनी मिळून तीन वर्षांत एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम उभी केली. साधारण 14 हजार ओळी, बहुतेक सी, थोडी असेम्ब्ली. क्यूएमूवर (संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालते, एका जुन्या लॅपटॉपवर बूटही होते, टर्मिनलवर देवनागरी दिसते. सुरुवात एक्सव्ही6 ही शिकवण्यासाठी लिहिलेली छोटी सिस्टिम वाचून केली आणि त्यातला काही कोड अजून तसाच आहे. इंटेलच्या ई1000 या नेटवर्क चिपचा ड्रायव्हर (चिप चालवणारा कोड) 'लिनक्सचा पाहून' लिहिला. आता हे सगळं जगासमोर ठेवायचं आहे आणि लायसन्सवरून तिघांची तीन मतं आहेत. एकाला जीपीएल हवं (बदललेला कोडही त्याच अटींवर, सोर्ससह वाटावा लागतो), दुसऱ्याला एमआयटी (मूळ नोटीस ठेवा, बाकी काहीही करा), तिसऱ्याला स्वतःच लिहिलेलं: शिकायला मोफत, धंद्याला बंदी.

मी गेली अठरा वर्षं उपकरणांच्या आतल्या (एम्बेडेड) कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, आणि ड्रायव्हरवर काम करतो, आणि दोन छोट्या प्रकल्पांची लायसन्सची साफसफाई स्वतःच्या हातांनी केली आहे. मी वकील नाही, त्यामुळे कायद्याची जिथे खात्री करून घ्यायला हवी तिथे तसं सांगेन.

तिसऱ्या मित्राच्या मतापासून सुरुवात करतो, कारण ते ऐकायला सर्वांत न्याय्य वाटतं आणि सर्वांत जास्त नुकसान तेच करतं. 1991 मध्ये लिनक्सची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यावर नेमकी हीच अट होती: वाटा, बदला, पण पैसे घेऊ नका. लगेच अडचण आली. त्या काळी सॉफ्टवेअर फ्लॉपीवरून फिरायचं. एखाद्या युजर ग्रुपने फ्लॉपीची आणि कॉपी करण्याच्या श्रमाची किंमत घेतली तर तो धंदा झाला का? लिनक्सच्या कर्त्याने, टोरवाल्ड्सने, 1992 मध्ये ती अट काढली आणि कर्नल जीपीएलखाली आणला. आज तुमच्यापुढेही असेच प्रश्न येतील. फी घेणाऱ्या क्लासने तुमची सिस्टिम शिकवायला वापरली तर? एखाद्या कंपनीतल्या इंजिनिअरने शनिवारी तुमचा बग सोडवला आणि सोमवारी कामावर तोच कोड चालवून पाहिला तर? 'धंदा' या शब्दाची रेघ कुठे ओढायची ते तुम्हालाच सांगता येणार नाही, आणि ज्याला नीट वागायचं आहे तो माणूस दारातूनच परत जाईल. शिवाय अशी अट असलेला कोड ना जीपीएलच्या कोडबरोबर जोडता येतो, ना डेबियन या लिनक्स वितरणाच्या मुख्य विभागात जातो. हे मत आजच बाजूला ठेवा.

स्वतःचं लायसन्स लिहिण्याचा मोह तर अजिबात नको, अगदी चार ओळींचंही. ओपनबीएसडी या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पूर्वी आयपीफिल्टर नावाची फायरवॉल होती. 2001 मध्ये तिच्या लेखकाने स्पष्ट केलं की बदललेली आवृत्ती वाटायला माझी परवानगी लागेल. तोपर्यंत सगळे ती मोकळीच समजत होते. ओपनबीएसडीने ती काढून टाकली आणि डॅनियल हार्टमायरने काही महिन्यांत पीएफ ही नवी फायरवॉल लिहिली, जी त्याच वर्षीच्या डिसेंबरात 3.0 आवृत्तीत आली. त्यांच्याकडे हार्टमायर होता. तुम्ही तिघंच आहात. शब्दांचा अर्थ हजार वेळा तपासून झालेला आहे असंच लायसन्स घ्या.

आता दुसरा, जास्त महत्त्वाचा भाग. लायसन्स देण्याआधी कोड तुमचा आहे ना, हे पाहावं लागतं.

तिघांपैकी दोघं नोकरी करता, असं तुम्ही लिहिलंय. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 17 चं पोटकलम (सी) आहे. नोकरीच्या कामात तयार केलेल्या कृतीची पहिली मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनी असते. रात्री घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेला कर्नल 'नोकरीच्या कामात' मोडतो का? सहसा नाही. पण तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये त्याहून रुंद कलम असू शकतं. मी पाहिलेल्या अशा एका पत्रात 'नोकरीच्या काळात केलेली सर्व बौद्धिक निर्मिती' असे शब्द होते, वेळेचा किंवा विषयाचा उल्लेखच नाही. पत्र काढून वाचा. शंका आली तर एचआरला साधी मेल करा: मी फावल्या वेळात अमुक प्रकल्प करतो, कंपनीच्या कामाशी त्याचा संबंध नाही, कंपनीची हरकत नाही असं लेखी द्यावं. बहुतेक वेळा उत्तर येतं. ते जपून ठेवा. याच एका मुद्द्यावर वकिलाला अर्धा तास दिलात तरी पैसे वाया जाणार नाहीत.

मग ई1000. 'पाहून लिहिला' म्हणजे नेमकं काय, ते फाइल उघडून तपासा. एका खिडकीत तुमची फाइल, दुसऱ्या खिडकीत लिनक्सची. रजिस्टरचे पत्ते आणि बिट सारखे असणारच, ते चिपचे आहेत, कोणाचे नाहीत. पण फंक्शनची तोडणी तशीच आहे का? टिप्पण्या शब्द बदलून आल्या आहेत का? रीसेटनंतरचा थांबा तेवढ्याच मिलिसेकंदांचा, आणि तो का आहे हे तुम्हाला सांगता येत नाही, असं आहे का? या प्रश्नांची उत्तरं 'हो' आली तर ती फाइल लिनक्सवरून बेतलेली आहे. लिनक्स जीपीएलच्या फक्त दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, त्यामुळे ती फाइल जोडलेला तुमचा अख्खा कर्नल वाटताना त्याच अटी लागू होतात. एमआयटीवाल्या मित्राचा पर्याय तिथेच संपतो, आणि ही गोष्ट कदाचित तुमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलेली नाही.

उपाय सोपा आहे. इंटेलने याच चिपसाठी फ्रीबीएसडी या दुसऱ्या खुल्या सिस्टिमचाही ड्रायव्हर लिहून दिला आहे आणि तो तीन कलमी बीएसडी या एमआयटीसारख्याच मोकळ्या लायसन्सखाली आहे. चिपचं प्रोग्रॅमिंग मॅन्युअलही इंटेलनेच खुलं ठेवलं आहे. लिनक्सवरून आलेली फाइल काढा आणि मॅन्युअलवरून नव्याने लिहा. लिनक्सची फाइल सर्वांत कमी वेळा पाहिलेल्या मित्राने ते केलं तर उत्तम. अडलं तर फ्रीबीएसडीचा कोड पाहा आणि घेतलात तर त्याची कॉपीराइट नोटीस ठेवा. क्यूएमूसाठी व्हर्टआयओचा (त्यातल्या नकली उपकरणांचा) ड्रायव्हर लिहिणार असाल तर आणखी एक सोय आहे. लिनक्सच्या आतल्या व्हर्टआयओच्या हेडर फाइली बीएसडी लायसन्सखाली आहेत आणि कोणालाही सुसंगत ड्रायव्हर लिहिता यावेत म्हणून तसं केलंय, असं त्या फाइलींच्या माथ्यावरच लिहिलेलं आहे. फाइलचा माथा वाचायची सवय लावा. 'लिनक्स म्हणजे जीपीएल' हे एकूण कर्नलबद्दल खरं आहे, पण प्रत्येक फाइलबद्दल नाही. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा बराच मोठा भाग एमआयटीखाली आहे, म्हणून तर तो बीएसडीवाल्यांना नेता आला.

एक्सव्ही6 एमआयटी लायसन्सखाली आहे, तिथे काळजी नाही. फक्त कासहोक, मॉरिस आणि कॉक्स यांची मूळ नोटीस पुसलेली असेल तर परत आणा. हे क्षुल्लक वाटतं, पण 2007 मध्ये ओपनबीएसडीकडून आलेल्या अथेरॉस वायफायच्या कोडवरच्या मूळ नोटिशी लिनक्ससाठीच्या बदलांत काढल्या गेल्या, तेव्हा दोन्ही बाजूंचे चांगले लोक काही आठवडे भांडत होते. सगळ्यांत मोकळ्या लायसन्सचीही तेवढी एक अट असते: माझं नाव आणि हा मजकूर राहू दे.

ट्यूटोरियलमधून आलेल्या कोडचं काय? हा माझ्या स्वतःच्या अंगावर आलेला प्रसंग आहे. आमच्या छोट्या कर्नलमध्ये स्क्रीनवर अक्षरं काढणारी सुमारे 400 ओळींची फाइल होती. कमिटचा, म्हणजे कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाचा, संदेश एवढाच: 'स्क्रीनचं काम केलं'. पाच वर्षांनी एका उपकरण बनवणाऱ्याला आमचा कर्नल हवा होता आणि त्याने प्रत्येक फाइलचा उगम विचारला. त्या रात्री मी इतिहास उकरत बसलो. टिप्पणीतल्या एका विचित्र स्पेलिंगवरून मूळ लेख सापडला. कोणाच्या तरी वैयक्तिक पानावर होता, लायसन्सचा उल्लेख नाही. लेखकाचा पत्ता बंद पडलेला, मेल परत आली. लायसन्स लिहिलेलं नाही याचा अर्थ मोकळं आहे असा होत नाही, सर्व हक्क लेखकाकडे राखलेले आहेत असा होतो. आम्ही ती फाइल हार्डवेअरची कागदपत्रं घेऊन 11 दिवसांत नव्याने लिहिली. गिऱ्हाईक थांबलं नाही, पण मला दुःख त्याचं झालं नाही. पाच वर्षं आम्ही आमच्या नसलेल्या कोडवर आमचं नाव लावून फिरत होतो, ते लागलं.

अशा डागांची किंमत मोठ्या प्रकल्पांनीही मोजली आहे. बर्कली विद्यापीठाच्या बीएसडी कोडवर (ओपनबीएसडी, फ्रीबीएसडीचं मूळ) एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीजने 1992 मध्ये दावा लावला. 1994 मध्ये तो मिटला तेव्हा सुमारे 18 हजार फाइलींपैकी फक्त 3 काढाव्या लागल्या. पण ती दोन वर्षं लोक बीएसडीला हात लावायला कचरत होते, आणि नेमक्या त्याच दोन वर्षांत लिनक्स वाढला. विंडोजशी सुसंगत सिस्टिम लिहिणाऱ्या रिअॅक्टओएसने 2006 मध्ये असाच संशय आल्यावर काम थांबवून स्वतःच्या कोडची तपासणी हाती घेतली. तुमच्या 14 हजार ओळी आहेत. दोन रविवारांत प्रत्येक फाइल पाहून होईल. 50 हजार झाल्यावर होणार नाही.

इतकं झालं की मूळ प्रश्नाकडे येता येतं: जीपीएल की एमआयटी?

याचं उत्तर लोक तत्त्वापासून शोधायला लागतात. तत्त्व महत्त्वाचं आहेच, पण छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमला एक गरज अशी आहे जी इतर सॉफ्टवेअरला नसते. तिला ड्रायव्हर लागतात, आणि तिघं माणसं जन्मभर लिहीत बसली तरी पुरेसे ड्रायव्हर लिहू शकत नाहीत. ते बाहेरूनच येणार. आणि कोड उताराने वाहतो. एमआयटी किंवा बीएसडीखालचा कोड जीपीएलच्या प्रकल्पात जातो, जीपीएलखालचा कोड एमआयटीच्या प्रकल्पात येऊन एमआयटी राहत नाही. म्हणजे जीपीएलची दुसरी आवृत्ती घेतलीत तर लिनक्स आणि बीएसडी दोन्हींकडून घेता येतं, पण बीएसडीवाले किंवा हायकू या दुसऱ्या छोट्या खुल्या सिस्टिमवाले तुमच्याकडून काही नेऊ शकणार नाहीत. एमआयटी घेतलीत तर लिनक्सचं मोठं कोठार बंद, पण शेजारपाजाऱ्यांशी देवाणघेवाण चालू.

कागदावर जीपीएलचं पारडं जड दिसतं. प्रत्यक्षात, लिनक्सचा ड्रायव्हर उचलून आणणं म्हणजे त्याच्याभोवतीची लिनक्सची अर्धी आतली रचना आणणं, आणि ती रचना दर आवृत्तीला बदलते. हायकूचा अनुभव पाहा. 2001 मध्ये बीओएस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची पुनर्निर्मिती म्हणून सुरू झालेला हा प्रकल्प, लायसन्स एमआयटी. त्यांनी फ्रीबीएसडीच्या नेटवर्क ड्रायव्हरसाठी एक जुळवणीचा थर लिहिला आणि पुढे त्या बाजूने येणारे ड्रायव्हर जवळजवळ जसेच्या तसे वापरले. छोट्या प्रकल्पाला परवडेल असा हाच मार्ग मला दिसतो. तिथे जीपीएल आड येत नाही, पण लिनक्सचं कोठार मिळवण्याचा जो फायदा जीपीएलच्या बाजूने मोजला होता, तो तिघांच्या हाताने वसूल होत नाही.

आता तत्त्वाचं. एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा आणि तिघंही प्रामाणिकपणे उत्तर द्या. प्राध्यापक टॅननबॉमचा मिनिक्स (छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) 1987 चा, शिकवण्यासाठी लिहिलेला. 2000 मध्ये तो बीएसडी लायसन्सखाली आला. 2017 मध्ये जगजाहीर झालं की इंटेलच्या अलीकडच्या चिपच्या आतल्या मॅनेजमेंट इंजिनमध्ये (मुख्य प्रोसेसरपासून वेगळ्या चालणाऱ्या छोट्या संगणकात) मिनिक्स 3 चालतो. म्हणजे अगणित संगणकांत तो होता आणि त्याच्या कर्त्याला पत्ता नव्हता. टॅननबॉमने खुलं पत्र लिहिलं, त्याचा सूर असा होता की लायसन्सप्रमाणे सांगायचं बंधन नव्हतं, पण सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. तुमच्या कोडचं असं झालं, वर तो अशा यंत्रात गेला ज्यात मालकाला डोकावताही येत नाही, तर तुम्हाला झोप लागेल का?

लागणार नसेल तर जीपीएल घ्या, आणि त्याबद्दल कोणाची माफी मागू नका. जीपीएलने काय होतं याचं उदाहरणही आहे. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी राउटरमध्ये लिनक्स होता. लोकांनी मागणी लावून धरल्यावर 2003 मध्ये कंपनीने सोर्स खुला केला, आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं, जे आजही जुन्या राउटरना जिवंत ठेवतंय. पण तिथे हक्क मागणारी माणसं होती, पाठपुरावा करणारी होती. तिघांच्या प्रकल्पाकडे तो पाठपुरावा करायला वेळ आणि पैसा कुठून येणार, हेही बोलून घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर दोन कलमी बीएसडी किंवा एमआयटी घेतलं असतं. दोन्हींत व्यवहारात फरक नाही, एक्सव्ही6 चा कोड आहेच म्हणून एमआयटी. या वयाच्या प्रकल्पाला कोणी चोरून नेईल ही भीती फार लांबची आहे. कोणी येणारच नाही, ही भीती रोजची. चार विद्यार्थी, दोन शेजारचे प्रकल्प, एखादा प्राध्यापक यांना विचार न करता हात घालता यावा असा उंबरठा मला महत्त्वाचा वाटतो.

जीपीएलच ठरलं तर दोन गोष्टी नक्की करा. 'आवृत्ती 2 किंवा पुढची' असं लिहा. फक्त 2 लिहिलंत तर अपाची 2.0 आणि जीपीएल 3 या लायसन्सखालचा कोड कायमचा बंद होतो. आणि लिनक्सप्रमाणे स्पष्ट टीप द्या की सिस्टिम कॉलमधून (कर्नलला विनंती करून) कर्नल वापरणारे प्रोग्रॅम या लायसन्सखाली येत नाहीत.

कोणताही पक्ष जिंकला तरी एका ठिकाणी मी हट्ट धरेन: सी लायब्ररी मोकळ्या लायसन्सखालीच हवी. तुमच्या सिस्टिमवर डायनॅमिक लिंकिंग नाही, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात लायब्ररी जोडली जाते. लायब्ररी जीपीएलखाली असेल तर तुमच्यासाठी कोणी साधं कॅल्क्युलेटर लिहिलं तरी ते जीपीएलच्या अटींवरच वाटावं लागेल. एलजीपीएल (लायब्ररींसाठीचं सौम्य जीपीएल) घेतलीत तरी अशा स्टॅटिक लिंकिंगमध्ये पुन्हा लिंक करता यावं म्हणून ऑब्जेक्ट फाइली पुरवत बसावं लागतं, आणि ते कोणी करत नाही. मसल ही सी लायब्ररीही आधी एलजीपीएलखाली होती, 2012 मध्ये एमआयटीखाली आली, आणि छोट्या सिस्टिमसाठी ती आज सहज घेता येते. तुमची स्वतःची लायब्ररी असेल तर तीही तशीच ठेवा.

बिझीबॉक्स किंवा बॅश (जीपीएलखालचे तयार प्रोग्रॅम) आयएसओत, म्हणजे बूट करायच्या सिस्टिमच्या फाइलीत, घालणार असाल तर घाला. ते वेगळे प्रोग्रॅम आहेत, त्यांच्यामुळे तुमच्या कर्नलचं लायसन्स बदलत नाही. मात्र ज्या पानावर आयएसओ ठेवाल त्याच पानावर त्यांचा सोर्स आणि तुमचे पॅच (त्यात केलेले बदल) ठेवा. 'मूळ प्रकल्पाच्या साइटवर मिळेल' एवढ्यावर विसंबू नका.

देवनागरीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, पण टर्मिनलमध्ये लोहित फॉन्टवरून बिटमॅप काढून ते कर्नलच्या प्रतिमेत बसवलेत, हे वाचून थांबलो. फॉन्ट हाही कोडच समजा. रेड हॅटच्या पुढाकाराने आलेला लोहित आधी जीपीएलखाली होता. 2011 मध्ये तो ओएफएल या फॉन्टसाठीच्या लायसन्सखाली आला. म्हणून तुम्ही नेमकी कोणती आवृत्ती उतरवलीत ते पाहा. कुठल्यातरी जुन्या सीडीवरची असेल तर टाकून नवी घ्या. ओएफएलखालचा फॉन्ट सॉफ्टवेअरबरोबर देता येतो, विकताही येतो, फक्त एकटा फॉन्ट विकता येत नाही. बिटमॅपमध्ये रूपांतर केलंत तरी तो भाग ओएफएलखालीच राहतो, एमआयटी होत नाही. तेव्हा फॉन्टचा डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये, स्वतःच्या लायसन्सच्या मजकुरासह ठेवा. मराठी वाचणाऱ्यांसाठी कोणीतरी कर्नलपासून विचार करतंय याचा मला मनापासून आनंद झाला, म्हणून ही एक बाजू कच्ची राहू नये असं वाटतं.

पुढे लोक पॅच पाठवायला लागतील तेव्हा त्यांच्याकडून कॉपीराइट लिहून घ्यावा का? नको. भारतीय कायद्यात असं हस्तांतरण लेखी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर कलम 19 प्रमाणे ते पाच वर्षांचंच मानलं जातं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. शिवाय 'प्रकल्प' ही कायद्याने व्यक्ती नाही, मग हक्क घेणार कोण? त्याहून मोठं कारण ओपनसोलॅरिस या सन कंपनीच्या खुल्या सिस्टिमचं आहे. सन कंपनीने बाहेरून येणाऱ्या कोडवर संयुक्त मालकी लिहून घेतली होती. ओरॅकलने सन विकत घेतल्यावर 2010 मध्ये सोर्स बाहेर ठेवणं थांबवलं, आणि बाहेरच्यांचा कोड घेऊन दार लावून घेणं तिला शक्य झालं. आधीच बाहेर आलेला कोड मात्र सीडीडीएल लायसन्सखाली लोकांकडे राहिला, त्यावर इलुमोस हा खुला प्रकल्प उभा आहे. प्रत्येकाचा हक्क त्याच्याकडेच राहू द्या. लिनक्सने 2004 पासून वापरलेली पद्धत पुरते: पॅच पाठवणारा कमिटमध्ये एक ओळ लिहून सांगतो की हा कोड द्यायचा मला अधिकार आहे. यात नंतर लायसन्स बदलणं अवघड होतं, कारण प्रत्येकाची संमती लागते. म्हणूनच आज तिघंच आहात तोवर ठरवा.

कामाचा क्रम असा ठेवा. पहिल्या रविवारी दोघांची अपॉइंटमेंट लेटरं आणि एक तक्ता: फाइल, कोणी लिहिली, कुठून आली. ज्या रकान्यात 'आठवत नाही' येईल ती फाइल बाजूला. दुसऱ्या रविवारी त्या बाजूच्या फाइली आणि फॉन्ट. मग प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत एसपीडीएक्सची (लायसन्सचं नाव सांगणारी ठरावीक) खूण, मुळाशी लायसन्सचा पूर्ण मजकूर, आणि बाहेरून आलेल्या नोटिशी जशाच्या तशा. ई1000 नव्याने लिहून होईपर्यंत ती फाइल बिल्डमधून काढा आणि पहिली आवृत्ती नेटवर्कशिवाय बाहेर काढा. आणि जाहीर करताना जुना इतिहास तसाच खुला करू नका. लिनक्सवरून बेतलेली फाइल त्या जुन्या कमिटमध्ये तुमच्या नावाने बसलेली आहे. मूळ रेपो (कोड आणि त्याचा सगळा इतिहास) स्वतःजवळ पुरावा म्हणून ठेवा, आणि बाहेर साफ केलेल्या झाडापासून नवा रेपो सुरू करा.